जुनं झाड, स्त्रीलिंगी

लॅटिनमध्ये झाड ही बाई असते. हे मला कळलं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि तोवर दुसरं काहीच नीट कळलेलं नव्हतं, त्यामुळे मी ते घट्ट धरून बसलो. आपल्याकडे झाड ते असतं, वृक्ष तो असतो, आणि वेल तो की ती यावरून चांगल्या घरांत अबोला धरला जातो. लॅटिनमध्ये तसलं काही नाही. झाड म्हटलं की ती. नावाच्या शेवटी पुरुषी ‘उस’ असला, खोड पैलवानासारखं असलं, तरी ती. आणि ती म्हटलं की मागून येणाऱ्या विशेषणानंही तसंच वागायला हवं. पांढरा नाही, पांढरी. काळा नाही, काळी. मी एका सार्वजनिक वनस्पतिउद्यानात पाट्या कोरतो. पितळी पाटी, तिच्यावर झाडाचं लॅटिन नाव, त्याखाली आपल्या भाषेतलं, त्याखाली पुढच्या झाडाकडे जाणारा बाण. बाण सगळ्यांना कळतो. लॅटिन कोणी वाचत नाही, असं मी मंगळवारी सकाळी सव्वादहापर्यंत समजत होतो. सव्वादहाला वर्कशॉपच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, उंच, हातात छत्री, आणि बाहेर आभाळात ढगाचा ठिपका नाही.

“जुन्या झाडाखालची पाटी कोणी केली?”

“मी,” मी म्हटलं. कौतुक ऐकायचं म्हणून हातही पुसले.

“अर्बोर वेता. असं का लिहिलंय?”

“अर्बोर म्हणजे झाड. झाड स्त्रीलिंगी. म्हणून वेता. आधी वेतुस होतं, ते मी दुरुस्त केलं.”

“आधीचं कोणी केलं होतं?”

“वडिलांनी. माझ्याआधी तेच होते इथे.”

“आहेत ना?”

“आहेत. घरी असतात.”

“मग घरी जाऊन त्यांना सांग, की त्यांचं बरोबर होतं.” बाईंनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली, म्हणजे मुक्काम लांबणार होता. “मी चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलंय. तुझ्यासारखे दरवर्षी तिघे-चौघे निघायचे. शेवटी उस दिसला की सुटले.”

शर्टाचं बटण एक काज चुकवून लावलंय हे दुपारी कळावं, आणि सकाळपासून भेटलेली सगळी माणसं एकेक करून आठवावीत, तसं मला झालं. माझी दुपार वर्षभरानं उजाडली होती. वर्षभर मी त्या झाडाखालून रोज दोनदा गेलो होतो, आणि दर खेपेला पाटीकडे बघून मला आपण शिकलेले आहोत असं वाटायचं. पण सगळ्यात आधी जे आठवलं ते पाटीबद्दलचं नव्हतं. बाबांचा ‘बरं’ आठवला. मी स्टुलावर बसलो आणि बाईंना बसायला सांगायचं विसरलो. त्या आपणहून बसल्या.

ते झाड कुठलं आहे हे कोणालाच माहीत नाही. उद्यानाच्या आधीपासून ते तिथे उभं आहे. चार तज्ज्ञ येऊन गेले आणि पाच मतं देऊन गेले. चौथ्यानं जाताना आपलं मत बदललं होतं. शेवटी तेव्हाच्या अधीक्षकांनी कंटाळून एका चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘अर्बोर वेतुस’, म्हणजे जुनं झाड. यावर कोणाचंच दुमत नव्हतं. ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांनी ती चिठ्ठी घरी आणली होती, आणि जेवताना, आंघोळ करताना, चप्पल शोधताना ते ‘वेतुस, वेतुस’ म्हणत फिरत होते हे मला आठवतं. मी चार वर्षांचा होतो. मला वाटलं बाबा कोणाला तरी हाका मारताहेत. ते कुठलाही शब्द असाच वाचत, लिहिलाय तसा, एकेक अक्षर चावून. पुढे मोठा झाल्यावर मी त्यांना हसायचो. ‘व्हीटस म्हणतात बाबा, बाहेर सगळे व्हीटसच म्हणतात.’ ते म्हणायचे, ‘मग तसं लिहावं.’

उद्यानात त्यांना ‘कानामात्रा’ म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. चुका काढणं हा त्यांचा श्वास होता. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याचे कागद, लग्नाच्या पत्रिका. पत्रिका आली की ते आधी पेन शोधायचे आणि मग कोणाचं लग्न आहे ते बघायचे. एका मावसबहिणीला त्यांनी तिचीच पत्रिका दुरुस्त करून परत पाठवली होती, आणि अहेराबरोबर पाठवली होती. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी माझे गुण सोडून शिक्षकांच्या शेऱ्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. कॅलेंडर वाकडं, मीठ कमी, बूट चुकीच्या बाजूनं झिजलेत म्हणजे चाल चुकीची, शिंक आली तर ती एवढी मोठी कशाला. आई म्हणायची, ‘या माणसाला देवानं तपासनीस म्हणून पाठवलं आणि पगारपत्रकात नाव घालायला विसरला.’ मी त्यांच्या हाताखालीच हे काम शिकलो. शिकलो म्हणजे मी कोरायचो आणि ते म्हणायचे, ‘पुसून टाक, परत काढ.’ पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही. पाटी बदलावी लागते. तरी ते ‘पुसून टाक’च म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगठ्यानं संप केला आणि ते निवृत्त झाले. कोरणी म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, ते धरायला अंगठा लागतो. त्यांच्या जागी मी लागलो. लागल्यावर वर्षभरानं मला वर्कशॉपच्या कपाटात एक बारीकसं पुस्तक सापडलं, झाडांच्या लॅटिन नावांबद्दलचं. ते मी उभ्याउभ्या वाचलं आणि बसलो तो पंडित होऊनच. झाड स्त्रीलिंगी. मी हातात वही घेऊन उद्यानभर फिरलो. ओकच्या पाटीवर ‘क्वेर्कुस अल्बुस’ होतं, ते अल्बा हवं होतं. पाइनच्या पाटीवर ‘पीनुस निगेर’, ते निग्रा हवं होतं. या दोन्ही खऱ्या चुका होत्या. बाबांच्या. म्हणजे चिठ्ठी ज्यांनी दिली त्यांच्या, पण पाट्या बाबांच्या हातच्या. मी त्या बदलल्या आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची चूक काढत होतो. ते म्हणाले, ‘असं होय. बघितलं पाहिजे.’ त्यांच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं, तपासनिसाला तपासनीस भेटल्यासारखं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण चूक काढायची चटक काय असते हे मला त्यांच्याकडूनच मिळालेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी जुन्या झाडाखाली उभा राहिलो आणि वाचलं, अर्बोर वेतुस. बाई, आणि उस?

नवी पाटी कोरायला मला चार दिवस लागले. वेता. एक यू आणि एक एस वाचला, एक ए वाढला. मी बाबांना मुद्दाम बोलावून घेऊन गेलो. ते पाटीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. मी सगळं व्याकरण सांगितलं, हातवारे करून. झाडावरचे पक्षीसुद्धा गप्प झाले होते, किंवा मला तसं वाटलं. मग ते म्हणाले, “जुन्या पाटीचं काय केलंस?”

“वाया नाही घालवली,” मी म्हटलं. “मधोमध कापली आणि पाठीमागून दोन पाट्या केल्या. साहेबांच्या दारावर लावल्यात. ‘ढकला’ आणि ‘ओढा’.”

“बरं,” बाबा म्हणाले.

त्यानंतर ते सगळ्यालाच बरं म्हणू लागले. पहिला आठवडा आम्हाला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. मग आई अस्वस्थ झाली. तिनं एकदा, मग वारंवार, जेवणात मीठ घातलंच नाही. बाबा जेवले. तिनं कॅलेंडरचं पान दोन महिने उलटलं नाही. बाबांनी उघड्या डोळ्यांनी मागच्या महिन्यात दिवस काढले. एका भाच्याची पत्रिका आली, तिच्यात नवऱ्या मुलाच्या नावातच चूक होती, आई ती त्यांच्या नाकासमोर धरून उभी राहिली आणि बाबा म्हणाले, “छान आहे कागद.” मी म्हटलं, वय झालं, माणूस निवळतो. आई म्हणाली, “निवळत नाहीये रे. विझतोय.” आणि मग दवाखान्याचं झालं. ते गुडघा दाखवायला गेले होते. नर्सनं दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारलं आणि चुकून यांच्याकडे बघितलं. हे उठले, आत गेले, कान तपासून घेतला आणि कानात घालायचे थेंब घेऊन घरी आले. मी विचारलं, “तुम्ही बोलला नाहीत, की तो मी नव्हे?” ते म्हणाले, “त्यांना माहीत असेल.” आठवडाभर ते रात्री-सकाळी थेंब घालत होते. गुडघा तसाच. मी ही गोष्ट वर्कशॉपमध्ये विनोद म्हणून सांगितली. सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाताना माझ्या लक्षात आलं की पुढच्या वेळी त्यांना दुसऱ्याच्या नावानं ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं तरी हा माणूस ‘त्यांना माहीत असेल’ म्हणून डोळे मिटून घेईल.

हे सगळं माझ्या डोक्यात चाललं असताना बाई बोलत होत्या.

“ऐकतोयस का? जादा गाडी म्हणतोस की जादी गाडी?”

“जादा गाडी.”

“का? गाडी तर ती.”

“जादी गाडी कोण म्हणेल?”

“तेच. चांगला-चांगली-चांगलं होतं, पण जादा म्हणजे जादा. शेवटी आ दिसतो, तरी हलत नाही. तसं हे वेतुस. शेवटी उस दिसतो, पण तो पुरुषाचा उस नाहीच. तो, ती, ते, तिघांना एकच. जुना वेतुस, जुनी वेतुस, जुनं वेतुस. दिसतं तसं नसतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास तू.”

मग त्यांनी मला विभक्त्या म्हणायला लावल्या. पंचविशी उलटलेला माणूस, समोर शेगड्यात म्हणजे लोखंडी पकडीत आवळलेली ‘गवतावर चालू नये’ची अर्धी पाटी, आणि मी म्हणतोय, प्रथमा वेतुस, द्वितीया वेतेरेम, चतुर्थी वेतेरी, पंचमी वेतेरे, षष्ठी वेतेरिस. पहिल्या रूपात जो स होता तो पुढे सरकला की र होतो. शब्द एकटा असेपर्यंतच आपल्या मूळ रूपात असतो, कोणाचा किंवा कोणाला झाला की बदलतो. बाई उच्चारांवर घसरल्या. त तव्यातला, टोपीतला ट नको. उ ऱ्हस्व. जोर पहिल्या अक्षरावर, पुढच्यांनी हळूच मागून यायचं. पहिला व ओठ गोल करून म्हणायचा की दात टेकवून, यावर विद्वानांत जुनी भांडणं आहेत म्हणे, पण आपला व दोन्हींच्या मधे बसतो, तेव्हा तू त्यात पडू नकोस, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “माझे वडील असंच म्हणायचे. वेतुस. लिहिलंय तसं.” बाई म्हणाल्या, “मग त्यांचा उच्चारही बरोबर होता.” म्हणजे दोन झाले. मी पुन्हा म्हटलं, वेतेरेम, म्हाताऱ्याला. वेतेरिस, म्हाताऱ्याचा. वेतेरे, म्हाताऱ्यापासून. आणखी जुना असं म्हणायचं झालं तर हा शब्द हात वर करतो, शेजारच्या शब्दाकडून रूप मागून आणावं लागतं. आणि सगळ्यात जुना म्हणजे वेतेर्रिमुस, तिथे मात्र जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि म्हणताना जीभ अडखळून थरथरते. मी ते तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा मला बाबांचा अंगठा दिसला.

“आणि गंमत बघ,” बाई छत्री उचलत म्हणाल्या, “वेता असा शब्द आहे. क्रियापद आहे. मनाई करणं. त्याचं आज्ञार्थी रूप. आणि अर्बोर हे संबोधन पण होतं. तेव्हा तुझी पाटी शुद्ध आहे. फक्त अर्थ असा होतो, की ‘हे झाडा, मनाई कर.’”

त्या गेल्या. मी जुन्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. वर्षभर मी त्याला पितळेत हुकूम देऊन ठेवला होता आणि झाड काही ऐकत नव्हतं. दोन पोरी खोडाला टेकून फोनवर फोटो काढत होत्या, एक माणूस बिनदिक्कत फांदीला टॉवेल वाळत घालून बाकावर बसला होता. मनाई करणारं माणूस घरी होतं. त्याला मी गप्प केलं होतं, आणि तेही चुकीच्या व्याकरणानं. बरोबर व्याकरणानं केलं असतं तरी काही फार वेगळं झालं नसतं म्हणा, पण निदान मला एक बाजू असती.

साहेब, म्हणजे आताचे अधीक्षक, यांच्या दारावर मी ‘ढकला’ वाचून ढकललं आणि आत गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते सगळंच शांतपणे ऐकतात, कारण ते ऐकत नसतात. पण शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं.

“मनाई कर? मग चुकलंय कुठे? आपण मनाईच तर करतोय. चढायला मनाई, फांद्या तोडायला मनाई.”

“साहेब, मनाई झाडानं करायची, असं लिहिलंय.”

“करू दे की. आपल्याकडे एक पहारेकरी कमीच आहे.”

“लोक हसतील.”

“किती लोक हसले वर्षभरात?”

“एक बाई. त्याही हसल्या नाहीत.”

त्यांनी टेबलावरचं माहितीपत्रक उलटंसुलटं केलं. त्यात पान सातवर वेता छापलेलं होतं, झाडाच्या फोटोखाली. मी म्हटलं, “साहेब, ती पाटी माझ्या वडिलांची होती. मला ती परत करायची आहे.” हे मी का बोललो कोण जाणे, मला शासकीय कारण द्यायचं होतं. साहेबांनी चष्मा काढला. त्यांनाही वडील असावेत. “बदला,” ते म्हणाले. “पत्रक राहू दे. पत्रकात झाड मनाई करेल, जागेवर जुनं असेल. आणि यावर फाईल नको.”

घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते, उजेड होता. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. समोर पेपर होता आणि ते तो वाचत होते, नुसते वाचत होते. पूर्वी पेपर वाचून झाला की तो शिक्षकानं तपासल्यासारखा दिसायचा. मी चप्पल काढली. वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. तीनच शब्द होते, पण आमच्या घरात ते आजवर कोणी कोणाला म्हटलेले नव्हते, त्यामुळे तोंड कसं करायचं ते कळत नव्हतं.

“बाबा, तुमचं बरोबर होतं.”

त्यांनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

“कशात?”

“वेतुस. वेता चूक आहे. लॅटिनच्या एक बाई येऊन सांगून गेल्या. तो उस पुरुषाचा नाही, तो सगळ्यांना चालतो. जादा गाडीसारखं. आणि तुमचा उच्चारही बरोबर होता.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

मी उभाच राहिलो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. निदान ते मला झापतील. “बरं काय, बाबा? वर्षभर मी तुम्हाला चूक ठरवलं.”

“अरे, मला काय ठाऊक लॅटिन? तेव्हाच्या साहेबांनी चिठ्ठी दिली, चिठ्ठीवर होतं ते कोरलं. चिठ्ठीवर बटाटा असतं तर बटाटा कोरला असता.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात झारा होता आणि तो ती विसरली होती. “म्हणजे तुमचं त्या शब्दापायी काहीच नव्हतं? मग वर्षभर तोंड शिवून कशाला बसलात? मी अळणी रांधून रांधून थकले.”

बाबा जरा वेळ पेपरच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “तो एस होता.”

“कुठला एस?”

“शेवटचा. पाटीवरचा.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “एकतीस वर्षांत हजारभर पाट्या झाल्या. निम्म्यांच्या शेवटी एस. सगळे पडतात. कोणी पुढे झुकतो, कोणी मागे रेलतो. लोकांना दिसत नाही, मला दिसतं. तो एकच उभा राहिला होता. नऊ दिवस लागले त्याला. मी कधीकधी डबा घेऊन तिथे जाऊन बसायचो, झाडासाठी नाही, एसपाशी. मग तू म्हणालास, चूक आहे, तिथे एस नकोच होता. मी म्हटलं, असेल. जो नकोच होता तोच मला सगळ्यात बरा वाटला. म्हणजे मग आपल्याला काय बरोबर दिसतं नि काय चूक दिसतं, त्याला काही अर्थ नाही.” त्यांनी पेपराची घडी केली. “माणसानं मग बोलू नये.”

मी म्हटलं, “तो अजून आहे, बाबा. पाठीमागच्या बाजूला. साहेबांच्या दारावर.”

“ढकलाच्या मागे,” बाबा म्हणाले. “माहीत आहे.”

“उद्या नवी पाटी करायची आहे. तुम्ही याल?”

त्यांनी उजवा हात वर केला आणि अंगठा हलवून दाखवला. तो थोडा हलला आणि थांबला.

“कोरायला नाही. नुसतं बसा.”

“बरं,” ते म्हणाले. आता हा कुठला बरं, ते मला ओळखू येईना.

सकाळी मी आठलाच जाऊन साहेबांच्या दारावरची ‘ढकला’ची पाटी उतरवली. मनात होतं की जुना एस जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यायचा आणि त्यावरून नवा कोरायचा, म्हणजे बाबा आले की त्यांना त्यांचाच एस दिसेल. पाटी उलटी केली. व्ही, ई, टी, यू, अक्षरांत अजून काळा रंग होता. आणि एस. मी तो आयुष्यभर बघितला होता आणि आता पहिल्यांदा बघत होतो. खरंच उभा होता. कशालाही न टेकता, एखादा माणूस बोलता बोलता थांबून ऐकू लागावा तसा. फक्त पाटी दारावर बसवताना मी जे भोक पाडलं होतं ते नेमकं त्याच्या मधोमध होतं. एस वरून खाली येताना जिथे वळतो, जिथे तो पडायचा की उभं राहायचं ते ठरवतो, तेवढंच गेलं होतं. वर एक चंद्रकोर, खाली एक, आणि मधे चार मिलिमीटरचा गोल स्वच्छ उजेड. मी त्या भोकातून बघितलं. पलीकडे वर्कशॉपची भिंत होती. उतरवून काही घेण्यासारखं उरलं नव्हतं.

बाबा दहाला आले. मी त्यांना पाटी दाखवली, लपवली असती तर ते आणखी वाईट झालं असतं. त्यांनी ती हातात घेतली, भोकात करंगळी घालून बघितली आणि टेबलावर ठेवली. मग स्टुलावर बसले, हात मांडीवर. मी नवं पितळ शेगड्यात आवळलं, रेघा मारल्या आणि पेन्सिलीनं अक्षरं काढायला घेतली. ए. आर. बी. मी प्रत्येक अक्षरानंतर जरा थांबत होतो. ओ. आर. बाबा पितळेकडे बघत होते, पण खिडकीतून बाहेर बघावं तसं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी साहेबांचं दार जोरजोरात ओढत होतं. मी ठरवलं की यू झाल्यावर मुद्दाम काहीतरी चुकीचं करायचं, आईच्या मिठासारखं. व्ही, ई, टी, यू झालं. एसला हात घातला आणि लक्षात आलं की मुद्दाम चुकायची काही गरज नाही, ते मला आपोआप येतं. पहिला मीच पुसला. दुसरा पुसला. तिसरा बरा वाटला. कोरणी घेतली आणि टोक पितळेवर टेकवलं.

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“थांब.”

मी हात उचलला नाही. मला वाटलं हललो तर ते परत बसतील.

“वरचं पोट बघ. खालच्याएवढं केलंयस. वरचं लहान हवं, नाहीतर डोक्यावर पडेल तो.” त्यांचा आवाज वर्षभर न वापरल्यासारखा खरखरीत होता. “पट्टीनं मोजलंस का?”

“हो.”

“पट्टीनं एस येत नाही. पट्टीनं पट्टी येते. पुसून टाक.”

मी पुसलं. परत काढला.

“मागे रेलला. कोणाची वाट बघतोय तो? परत काढ. आणि तो आर कोणी काढला?”

“मीच.”

“त्याचा पाय बघ. लंगडा आहे. दुसऱ्याचा पण. दोघे एकाच घरातले दिसताहेत. पुसून टाक.”

“सगळंच पुसू का?”

“ओ राहू दे.” ते वाकून जवळ आले. “नाही, ओ पण पुस. बसकट आहे.”

“मग तुम्हीच काढा,” मी म्हटलं, जरा जोरातच.

त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. अंगठा धरेना, म्हणून ती दोन बोटांत चिमटीसारखी पकडली आणि मनगटावर भार देऊन एस काढला. फार हळू, श्वास रोखून. मग मागे सरकून बघितला. मीही बघितला.

“पडतोय,” मी म्हटलं.

“कुठे?”

“खाली डावीकडे. शेपूट जड झाली.”

ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गेलं, हातचं घालवलं. मग त्यांनी खोडरबर शोधायला हात पुढे केला. “हं. जड झाली,” ते म्हणाले. “पण तुझ्यापेक्षा बरा होता.”

“मी कुठे नाही म्हटलं?”

“तोंडावर दिसतंय तुझ्या.”

पाच वाजता उद्यान बंद व्हायची घंटा झाली तेव्हा आमचे दोघांचे घसे बसले होते आणि पाटीवर एकही अक्षर नव्हतं. दारूसकट सगळ्या व्यसनांवर उपदेश करणारे आमचे भांडारपाल दोनदा डोकावून ‘काय चाललंय’ विचारून गेले होते. दुसऱ्या खेपेला बाबांनी त्यांना, त्यांच्या भांडाराच्या दारावरच्या सूचनेत तीन चुका आहेत, असं सांगितलं. पितळ घासून घासून एवढं चकचकीत झालं होतं की त्यात आम्ही दोघे दिसत होतो. बाबांनी चप्पल घातली, दारापर्यंत गेले, परत आले, पाटीवर फडकं टाकलं आणि त्याची चारही टोकं सारखी केली.

“उद्या नऊला येतो,” ते म्हणाले. “मी येईपर्यंत हिला हात लावायचा नाही.”